दोन क्रेडिट आणि दैत्यसूदन

माझी पुतणी पुण्यात बीएस्सी करते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयाबाहेरचं काहीतरी शिकावं लागतं, म्हणून तिने निवडला कलेचा इतिहास. प्राथमिक ओळख, दोन क्रेडिट. ही बातमी बुलढाण्याच्या घरी पोहोचली तेव्हा माझ्या भावाने कुठलाही वऱ्हाडी बाप विचारील तेच विचारलं, "याच्यानं नोकरी लागते काय?"

"नाही लागत," ती म्हणाली.

सत्राच्या शेवटी त्यांना एक काम होतं. एक कलाकृती निवडायची, तिच्यासमोर उभं राहून वर्णन लिहायचं. 'सुंदर', 'भव्य', 'अप्रतिम' हे शब्द वर्ज्य. वर्णन पुरं होईस्तोवर पुस्तक उघडायचं नाही. ही अट मला एकदम पसंत पडली. जुन्या देवळांवरच्या आपल्या लेखांतून हे तीन शब्द काढून टाकले तर मागे तालुक्याचं नाव आणि एसटीची वेळ एवढंच उरतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिने लोणार गाठलं. लोणारला लोक येतात ते सरोवर पाहायला. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर रीघ लागली होती, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. गावातलं दैत्यसूदन मंदिर मात्र जाता-येता उरकलं जातं. पोरगी त्या देवळाभोवती सकाळी फिरली, दुपारी पुन्हा फिरली. तिच्या वहीतलं वर्णन मी वाचलं. भिंत सरळ जात नाही, कोपऱ्यातून कोपरा फुटत जातो, त्यामुळे ऊन सगळ्या भिंतीवर एकदम पडत नाही. एक मूर्ती उजळते तेव्हा तिची शेजारीण सावलीत असते, आणि दुपारी पाळी बदलते. वर शिखर नाही. आत गेलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि मग छतातल्या दैत्यवधाच्या कथा हळूहळू दिसायला लागतात. दगड हा आपला नेहमीचा काळा पत्थर नव्हे, त्यात तांबूस छटा आहे, असंही तिने लिहिलं होतं. तिथे वर्षातून दोनदा पाहुणे घेऊन जाणारा माझा भाऊ म्हणाला, "तांबूस? कुठं?"

पुस्तकं नंतर उघडली. हे देऊळ साधारण बाराव्या शतकातलं मानतात. आपल्याकडे चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं दगडी देऊळ दिसलं की 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. हेमाद्री पंडित महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अशी कितीतरी देवळं त्याच्या जन्माआधीच उभी होती. मग ही देवळं नीट पाहिली तरी कोणी? मेजर रॉबर्ट गिल हा अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेला माणूस. त्याने 1860 च्या दशकात कॅमेरा घेऊन लोणारही टिपलं. हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या 1931 च्या ग्रंथात आपल्या जिल्ह्यातली देवळं घेतली.

वर्गात मात्र लोणार नव्हतं. होतं फ्लॉरेन्स, रोम, थोडं खजुराहो. यावर संतापून लिहावं असं मला कोणी सुचवलंही. पण मला तसं वाटत नाही. हाइनरिख वोल्फ्लिन हा स्विस प्राध्यापक शंभरेक वर्षांपूर्वी पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी दाखवून शिकवायचा: यात काय आहे, त्यात काय नाही, बोला. पोरीचे डोळे त्या सवयीने तयार झाले, आणि ते इटलीच्या चित्रांवर तयार झाले म्हणून लोणारात निकामी ठरले नाहीत. नुसत्या अभिमानाने तांबूस छटा दिसत नाही, हे आमच्या घरातच सिद्ध झालं.

अडचण आली ती मेहकरला. तिथली शारंगधर बालाजीची मूर्ती 1888 मध्ये जमिनीतून निघाली. सुमारे अकरा फुटांची, काळ्या पाषाणाची. इंग्रज ती विलायतेला नेतील म्हणून गावकऱ्यांनी घाईने प्रतिष्ठापना उरकली, असं मेहकरात सांगतात. पोरगी तिथे गणित मांडून गेली होती. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. चार वस्तूंचे क्रम 4×3×2×1, म्हणजे चोवीस. मूर्तिशास्त्रात विष्णूची रूपंही चोवीसच, आणि तीच नावं आजोबा रोज संध्येत घ्यायचे. खालच्या उजव्या हातापासून वर, मग डावीकडे, मग खाली असं वाचत जायचं: पद्म, शंख, चक्र, गदा आलं की केशव. गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी हे मराठीत समजावून दिलंय. पण मूर्ती वस्त्रालंकारात होती, मागे दर्शनाची रांग होती, आणि एक आजी तिला म्हणाल्या, "हात काय मोजते माय, तोंडाकडं पाह्य." वहीत ते वाक्य उतरलंय. त्याचं काय करायचं हे तिच्या अभ्यासक्रमात नाही, आणि मला वाटतं असायला हवं. लोकांनी ती मूर्ती ठेवून घेतली म्हणून तर ती आज मेहकरात आहे.

मूर्ती कोणाकडे राहावी, हा प्रश्न 2024 मध्ये सिंदखेडराजातही उभा राहिला. लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. पाय चेपणारी लक्ष्मी, पाठीशी समुद्रमंथन. मूर्ती संग्रहालयात न्यावी की गावातच ठेवावी, यावर चर्चा झडली. बोलणाऱ्यांत मूर्तीचं वर्णन करू शकणारे किती असतील? माझं मत गावाच्या बाजूने आहे, पण मूर्तीवर छप्पर, पहारा आणि शेजारी चार ओळी समजावून सांगणारं माणूस असेल तरच.

त्या माणसाची जागा निघाली तर नोकरीही लागू शकते, असं मी भावाला सांगून पाहिलं. तो हसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोथळी आणि सातगाव भुसारीची देवळं बघायचं ठरलंय. गाडी माझी, पेट्रोल त्याचं.