झटका मशीन घ्या, पण तपासलेलीच

धान लोंबीवर आले की नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून वैनगंगेपलीकडे आरमोरी, कुरखेड्यापर्यंत घरातला एक माणूस जागलीला जातो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी लोळवून टाकतो, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. भरपाईचा अर्ज केला तरी गेलेले पीक परत येत नाही. तेव्हा कुंपण हवे आणि ते झटक्याचे हवे, हे मला मान्य आहे. फक्त तारेत कोणती वीज सोडायची, हे कृपा करून आपल्या मनाने ठरवू नका.

लाइनवर आकडा टाकून किंवा पंपाच्या पेटीतून धुऱ्यावरच्या तारेला सरळ 230 व्होल्ट जोडणे अजूनही चालते. पायाखाली ओली बांधी असताना त्या तारेला हात लागला, तर अंगातून पाव अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रवाह वाहतो. त्याच्या आठव्या हिश्श्याइतका, म्हणजे 30 मिलिअँपिअर प्रवाहही हृदयाची लय बिघडवायला पुरेसा ठरू शकतो. पंपाचा फ्यूज कित्येक अँपिअरचा असतो, त्यामुळे माणूस तारेला चिकटला तरी तो उडत नाही. स्नायू आखडतात, मूठ सुटत नाही. मग डुकरासाठी ओढलेल्या तारेवर पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारी सापडतो, नाहीतर तार लावणाराच सापडतो.

वाघही याच तारेने गेले. उमरेड-करांडल्याच्या ‘जय’चा बछडा ‘श्रीनिवास’ एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात शेताच्या विजेच्या तारेने मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ब्रह्मपुरीकडून पकडून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात अशाच तारेवर गेली. दोघांच्याही गळ्यात कॉलर होती. वाघ मारल्यास वन्यजीव संरक्षण कायद्याखाली किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. आकडा टाकल्याचा वीजचोरीचा गुन्हा त्याशिवाय. एक एकर धान वाचवायला निघालेला माणूस घरच उघड्यावर टाकून जातो.

चांगली झटका मशीन वेगळ्या रीतीने काम करते. तिच्यातून तारेत काही हजार व्होल्ट जातात खरे, पण ते सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ, आणि दोन झटक्यांमध्ये निदान एक सेकंद जातो. त्या सेकंदात स्नायू सैल होतात, जनावर मागे उडी मारते, माणूस हात काढून घेतो. एका झटक्यातली ऊर्जा 5 ज्यूलपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा आहे. भारतात या मशीनसाठी आय.एस. 302, भाग 2, विभाग 76 हे स्वतंत्र मानक आहे. चाचणीत मशीन नीट चालते का एवढेच बघून थांबत नाहीत. आतला एखादा भाग मुद्दाम बिघडवतात आणि तरीही झटका मर्यादेत राहतो का, हे तपासतात. माझ्या मते सगळ्यात मोलाची चाचणी हीच, कारण शेतावरची मशीन पावसात, मुंग्यांत आणि धुळीत कधीतरी बिघडणारच. आसपासच्या रेडिओला, फोनला तिचा त्रास होऊ नये, यासाठीची चाचणी वेगळी असते.

बाजारात बिनानावाचा डबा निम्म्या किमतीत मिळतो. तो घेण्याआधी दुकानदाराला चाचणीचा अहवाल दाखवायला सांगा. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा, परवाना खरा की खोटा ते तिथेच कळते. मशीन दुकानातच चालू करायला लावा आणि कान द्या. टिक, मग सेकंदभर शांतता, मग पुन्हा टिक, असा आवाज यायला हवा. सलग गुणगुण येत असेल किंवा टिकटिक घाईची असेल, तर ती मशीन घरी आणू नका. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. आपले गाव त्यात बसते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा.

मशीन चांगली असूनही जोडणी चुकली तर धोका राहतोच. बॅटरी घरच्या चार्जरवर लावायची असेल तर आधी मशीनपासून सोडवून घ्या, नाहीतर चार्जर बिघडला की घरची वीज कुंपणात उतरू शकते. काटेरी तारेत झटका कधीच सोडू नका, कारण अडकलेल्याला त्यातून सुटता येत नाही. कुंपणाची अर्थिंग घराच्या किंवा पंपाच्या अर्थिंगपासून निदान 10 मीटर लांब ठोका. वरून महावितरणची लाइन जात असेल तर तिच्याखालून कुंपण नेण्याआधी लाइनमनला बोलवा, कारण लाइन तुटून कुंपणावर पडली तर मशीन काहीच करू शकत नाही. वाटेच्या कडेला पिवळी पाटी लावा आणि शाळेत जाणाऱ्या पोरांना ती तार कसली आहे हे स्वतः सांगा. मीडियम वेव्हवरचा जुना ट्रान्झिस्टर घरात असेल तर तो घेऊन कुंपणाकडेने चाला. जिथे कडकड जोरात येते तिथे सांधा सैल आहे किंवा गवत तारेला टेकले आहे. ते आधी नीट करा.

आणि गावात कुणाच्या धुऱ्यावर आकड्याची तार दिसली तर तिला हात लावू नका. आधी त्या घरी जाऊन बोला. ऐकले नाही तर महावितरणला 1912 वर आणि वनविभागाला 1926 वर कळवा, त्याच रात्री.