गोफणीची चंची: कमरेला काय बांधावं आणि काय बांधू नये



ऊन कडक आहे, तळ्याची चिकण माती उघडी पडलीय. गोफणगुंडे वळून ठेवायचे हेच दिवस. आत्ता वळले तर भाद्रपदात भात चिकात येईपर्यंत खडखडीत वाळतात. गेल्या भाताला मी गुंडे ठेवायची एक कमरेची पिशवी शिवून वापरली. काहींनी माप विचारलं, म्हणून लिहितोय. पण मापाबरोबर एक गोष्ट सांगायची आहे, ती नीट वाचा. पाखरं हाकायला अंगावर काय बाळगायचं याचा आपण विचारच करत नाही, आणि त्यात एखाद्या पोराचा डोळा जाऊ शकतो.

आधी गोफण का, ते सांगतो. कळंबला आता सलग शेतं राहिली नाहीत. इकडे एक तुकडा भाताचा, पलीकडे वाडी, मध्ये घरं, रिसॉर्ट. सगळ्या गावाचं भात एकदम पिकायचं तेव्हा पाखरं वाटली जायची. आता एकट्याचा तुकडा लोंबीवर आला की मुनिया, चिमण्या, पोपट सगळे त्याच्यावरच. दाणा दुधाळ असताना मुनियांचा थवा बसला की लोंब्या चिरडून दूध पितात आणि मागे पळींज राहते. ते आठ-पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ राखण केली तर भात हाती लागतं. चमकणाऱ्या पट्ट्या लावा, बुजगावणं लावा, तीन-चार दिवसांत पाखरं ओळखतात. माणूस हातात गोफण घेऊन बांधावर फिरतो त्याला मात्र ती भितात. अर्धं काम तर गोफणीच्या शेपटाचा फटकाराच करतो, गुंडा लागतही नाही.

आमची जमीन वाळूची. दगड शोधावा लागतो. म्हणून दादा (माझे वडील) मातीचेच गुंडे वळायचे. तळ्यातली चिकण माती, त्यात थोडा भाताचा तूस, लिंबाएवढा गोळा, सावलीत दोन दिवस आणि मग उन्हात. भाजायचा नाही. दगडापेक्षा हा गुंडा चांगला, असं माझं मत आहे. दगड शेतात पडला की तो पुढच्या वर्षी चिखलात पायाला लागतो, पॉवर टिलरच्या पात्यात येतो, झोडणीत मिसळला तर गिरणीत जातो. मातीचा गुंडा पडल्यावर फुटतो आणि एका पावसात शेताचीच माती होतो.

अडचण एकच. हे गुंडे ठेवायचे कुठे?

दादा धोतराच्या ओच्यात घ्यायचे. एक हात कायम ओचा धरायला. मी हाफपँटच्या खिशात भरायचो. पँट खाली ओघळते, वाकलं की गुंडे मांडीत रुततात. मग खांद्याला पिशवी अडकवून पाहिली. गोफण डोक्यावर फिरवली की पिशवी पुढे झुलते, दोरी तिच्या पट्ट्यात अडकते. एकदा सुटलेला गुंडा माझ्याच पायावर आला. पावसाची सर आली की पिशवीतल्या गुंड्यांचा काला.

तेव्हा आमच्या भागातल्या आकडीची आठवण झाली. झाडावर चढणारे भंडारी असोत की रानात जाणारे वारली, कोयता कधी हातात धरून चालत नाहीत. कमरेला मागे लाकडी आकडी, तिच्या खाचेत कोयता. दोन्ही हात मोकळे, पातं अंगापासून लांब, आणि हात मागे नेला की न बघता मूठ सापडते. ही वस्तू कुठल्या कंपनीने काढलेली नाही. जो माडावर चढतो त्याने स्वतःच्या अंगावर ठरवलेली आहे. तशीच म्हाताऱ्यांची पान-तंबाखूची चंची. कप्प्याकप्प्यात चुना वेगळा, सुपारी वेगळी, अंधारातही बोट बरोबर कप्प्यात. म्हटलं, या दोघींचं लग्न लावू.

आता माप. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझा वाळलेला गुंडा साधारण ४० ग्रॅम भरला. म्हणजे २५ गुंड्यांचा एक किलो. एका फेरीला तेवढे पुरतात. त्याहून जास्त घेतले तर कंबर धरते. पिशवी वीतभर रुंद, वीतभर खोल, तळाला चार बोटं जाडी. पट्टा तीन बोटं रुंद घ्या. नाडीसारखा बारीक पट्टा कमरेला कापतो.

जागा डाव्या बाजूला, पण पुढे, जिथे डावा हात सहज पडतो. उजव्या हाताने गोफण फिरते, डावा हात गुंडा भरतो. पिशवी उजवीकडे आली की लोंबणारी दोरी तिच्यावर आपटते. डावखुऱ्यांनी उलट करावं.

तोंड जरा पुढे कललेलं आणि मूठ आत जाऊन बाहेर येईल एवढं रुंद. त्यावर झाकण पाहिजे, कारण पावसाची सर येतेच. बटण, चेन, चिकटपट्टी काही नको. चिखलाच्या बोटांनी ती उघडत नाही आणि चेन तर एका हंगामात खारी हवा खाऊन टाकते. मी झाकणाच्या कडेत मासे मारायच्या जाळ्याचे दोन शिशाचे मणी शिवले होते, ते आपोआप खाली बसायचं. नंतर शिसं काढून टाकलं, का ते पुढे सांगतो. आता तिथे दोन लोखंडी वायसर आहेत.

कापड म्हणून जुनी जीन आतून, जुनी ताडपत्री बाहेरून. गोणपाट घामाने कुजतं, सिमेंटच्या गोणीचे धागे सुटतात. तळाला चार भोकं पाडून चपलेच्या कारागिराकडून पितळी रिंगा ठोकून घेतल्या. गुंड्यांची भुकटी झडते आणि पाणी गेलंच तर निथळतं.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट गाठीची. पट्टा पुढून बांधायचा आणि एका झटक्यात सुटेल अशी फासाची गाठ मारायची. विहिरीत, खाजणाच्या चिखलात पाय गेला तर कमरेला एक किलो वजन घट्ट बांधलेलं नको.

एवढं झालं पिशवीचं. आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते.

तीन वर्षांपूर्वी बाजारातून मी पाइपची कार्बाइड बंदूक आणली होती. प्लॅस्टिकचा पाइप, मागे लायटर, आत कार्बाइडचा खडा आणि पाण्याचे चार थेंब. आवाज मोठा, पाखरं एकदम उठतात. गोफणीने खांदा दुखतो, हिला काही मेहनत नाही. मी खडे प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून खिशात ठेवले. राखण करताना सर आली, वर घाम. थोड्या वेळाने मांडीला चटका बसू लागला आणि लसणासारखा उग्र वास. पँट उतरवून बांधावर फेकली. मांडीवर फोड आला तेवढ्यावर भागलं.

नालासोपाऱ्याच्या एका वेल्डिंगवाल्याने मग समजावलं. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो, तोच वेल्डिंगचा गॅस. मागे चुना उरतो आणि उष्णता होते. हा वायू हवेत थोडा असला तरी पेटतो, भरपूर असला तरी पेटतो. म्हणजे मी बिडी ओढणारा असतो तर काय झालं असतं, हिशेब करा. कार्बाइड हवाबंद डब्यात, ओल न लागता ठेवायचं असतं आणि त्याला १९८७ चे वेगळे नियम आहेत. केळीवाल्यांना तर हे नाव नवीन नाही. फळं पिकवायला त्याला बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. फळाला जे लावायला मनाई, ते आपण खिशात घालून फिरतो.

आणि २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या आणखी काही जिल्ह्यांत काय झालं ते आपण बातम्यांत पाहिलं. याच बंदुका फटाके म्हणून विकल्या गेल्या. शंभरावर मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. बार उडाला नाही म्हणून मूल पाइपात डोकावतं आणि तेवढ्यात तो उडतो. मुळात ही वस्तू माकडं, पाखरं पळवायला म्हणून शेतावर आली. म्हणजे ती आपल्याच घरातून पोरांच्या हातात जाते.

त्यानंतर मी एक साधी कसोटी धरली. संध्याकाळी घरी येऊन कमरेची पिशवी खुंटीला टांगायची. रात्री घरातलं लहान मूल उठलं, खुर्ची लावून ती काढली, आतलं हातात घेतलं, तोंडात घातलं, पाण्यात टाकलं, तर काय होईल? मातीचा गुंडा असेल तर फार तर चिखल होईल. कार्बाइड असेल तर दवाखाना. एअरगनचे छर्रे असतील तर ते शिशाचे. शिसं मुलांच्या मेंदूला वाईट, म्हणूनच झाकणातले मणी मी काढले.

परवान्याच्या बंदुकीचं म्हणाल तर ती वेगळी बाब. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. तळकोकणात रानडुक्कर, वानरांचा त्रास आहे आणि तिथे अशा शेतीसंरक्षक बंदुका आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही, रात्रीत भुईसपाट झालेलं शेत ज्याचं त्यालाच कळतं. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि वन खात्याची परवानगी लागते. आणि काडतूस, दारू यांची जागा कुलपात. ती पिशवी खुंटीला टांगायची नसतेच. आपल्या पाखरांसाठी तर हे काही लागतही नाही. पोपट मारणं गुन्हा आहे, आणि मारायचा आहे कोणाला? मुनिया उठून गेली की काम झालं. गोफणही जपूनच. माझ्या तुकड्यापलीकडे बीचकडे जाणारा रस्ता आहे, त्या बाजूला मी फक्त फटकारा देतो, गुंडा सोडत नाही.

कोणी म्हणेल, खांदा दुखतो त्याचं काय? दुखतो, खरं आहे. पन्नाशीनंतर तर जास्तच. म्हणून शेजारच्या दोघांनी मिळून पाळी लावावी. एकाच वेळी पिकणारं वाण लावलं तर राखणीचे दिवसही कमी होतात.

कृषी विद्यापीठातल्या आणि विज्ञान केंद्रातल्या मंडळींना एक विनंती. दापोलीच्या विद्यापीठाने आंबा देठासकट उतरवायला नूतन झेला काढला, तो आज कोकणात घरोघरी आहे, कारण तो काढणाऱ्याच्या हाताचा विचार करून बनवला. तसा पाखरं राखणाऱ्याच्या कमरेचा, खांद्याचा विचार करा. बियाणं पेरायची पिशवी, मोगरा खुडायची पिशवी, गुंड्यांची पिशवी, सगळं आम्ही ओच्यात आणि खिशात भागवतो. बायका तर पदरात. गोफण जुनी झाली म्हणून हसण्याआधी एक दिवस बांधावर उभे राहा आणि मग तिच्यात काय सुधारायचं ते सांगा.

माझी पिशवी काही शेवटची नाही. तळाची शिवण अजून उसवते, तिथे दुहेरी पट्टी घालून बघणार आहे. तुम्ही शिवलीत तर फोटो टाका, कुठे चुकलो तर सांगा. आणि कोणाच्या माळ्यावर तो प्लॅस्टिकचा पाइप अजून पडला असेल तर तो मोडून टाका. खडे उरले असतील तर पाण्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या कोरड्या डब्यात घालून वेल्डिंगवाल्याला विचारा, त्याला ते कसं हाताळायचं माहीत असतं.

चला, माती कालवून ठेवलीय. गुंडे वळायला बसतो.