‘पॉश’ बोटीतून आला नाही

विलायतेतल्या वरच्या वर्गाला तिथली सामान्य माणसे ज्या नावांनी ओळखतात – टॉफ, नॉब, स्वेल, स्नॉब, पॉश – त्यांपैकी ‘पॉश’ला आपल्याकडे केव्हाच रेशनकार्ड मिळाले आहे. पॉश एरिया, पॉश सोसायटी, पॉश हॉटेल म्हणताना हा शब्द परका आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. शब्दाबरोबर त्याची जन्मकथाही आली. सुशिक्षित मंडळींत ‘पॉश’ शब्द निघाला की कुणीतरी ती सांगतोच. साहेबाच्या काळी इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर मातब्बर उतारू येताना डाव्या बाजूची केबिन घेत आणि परत जाताना उजव्या बाजूची, कारण त्या बाजूंना ऊन कमी. दर्यावर्दी भाषेत डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर शिक्क्याने उमटवत, आणि त्या अक्षरांचा झाला पॉश. काही जण तर शिक्क्याच्या शाईचा रंगही सांगतात: जांभळा.

कथा गोड आहे. तिच्यात मुंबई आहे, तांबडा समुद्र आहे, घामाने निथळणारा साहेब आहे. फक्त ती खरी नाही.

आधी तिच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलून घेऊ. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यानंतर तांबड्या समुद्रातून दक्षिण-आग्नेयेला जाणाऱ्या बोटीच्या उजव्या अंगावर दुपारनंतरचे ऊन येई, हे बरोबर. एडनहून बोट मुंबईकडे वळली की डावी बाजू उत्तरेला येते, म्हणजे हिवाळ्यात ती सावलीत राहते, हेही बरोबर. वातानुकूलन नव्हते त्या काळात हा फरक जाणत्या उताऱ्याला नक्कीच ठाऊक असणार. पण भूगोल खरा असला म्हणून व्युत्पत्ती खरी होत नाही. कंपनीच्या कागदपत्रांत अशा शिक्क्याची नोंद नाही. ती चार अक्षरे असलेले एकही तिकीट आजवर कुणी पुढे आणलेले नाही. त्या काळच्या साहेबाला पत्रे, रोजनिशा आणि आठवणी लिहिण्याची हौस दांडगी. जेवणातल्या मटणापासून शेजारच्या केबिनमधल्या बाईपर्यंत सगळ्यांबद्दल लिहिणारे हे लोक या शिक्क्याबद्दल तेवढे गप्प कसे बसले? छापील मजकुरात ही कथा दिसू लागते ती १९३० च्या दशकात.

कथा उशिरा छापली गेली एवढ्यावरून ती खोटी ठरवणे हा उतावळेपणा होईल. पण अडचण दुसरीच आहे. शब्द त्याच्या कितीतरी आधी, निराळ्या लोकांच्या तोंडी, निराळ्या अर्थाने फिरत होता. बारेर आणि लीलंड यांच्या बोलीशब्दांच्या कोशात, जो १८९० च्या सुमारास निघाला, ‘पॉश’ आहे: अर्थ पैसा, आणि शिवाय छानछोकी करणारा माणूस. १८९२ च्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ या ग्रॉसस्मिथ बंधूंच्या विनोदी पुस्तकात हॅटच्या धंद्यातल्या एका पैसेवाल्या पात्राचे आडनावच पॉश आहे. १९१८ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात हवाई दलाचा अधिकारी आईशी बोलताना हा शब्द आजच्या अर्थाने वापरतो. यांपैकी कुठेही बोटीचा वाससुद्धा नाही. आद्याक्षरे जुळवून बोलता येण्याजोगा शब्द घडवण्याची खोडही प्रामुख्याने विसाव्या शतकातली, दोन महायुद्धांच्या दफ्तरांतून पसरलेली. एकदा ती अंगवळणी पडली की जुन्या शब्दांमागेही लोकांना आद्याक्षरे दिसू लागतात. (आपल्याकडे तर नशिबाने उलटाच खेळ केला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याला कचेऱ्यांमधून ‘पॉश कायदा’ म्हणतात, आणि तिथे ती चार अक्षरे खरोखरच आद्याक्षरे आहेत. शंभर वर्षांनी कुणी पॉश वस्तीचा संबंध या कायद्याशी लावला तर नवल नको.)

यावर एक उत्तर ठरलेले असते. असेल खोटी, पण गंमतीची आहे ना? कुणाचे काय बिघडले?

बिघडले आहे. ही कथा एका शब्दाची मालकी बदलते. पॉश हे वरच्या वर्गाने स्वतःच्या सोयीसाठी, स्वतःच्या तिकिटावर छापून घेतलेले बिरुद आहे, असे ती सांगते. उपलब्ध पुरावा मात्र अगदी उलट्या दिशेला, रस्त्याकडे बोट दाखवतो. इंग्लंडमधल्या रोमानी लोकांच्या, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणून हिणवले गेले त्यांच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. जॉर्ज बॉरोने १८७४ मध्ये छापलेल्या रोमानी शब्दसंग्रहात तो आहे. अर्ध्या पेनीच्या नाण्याला ते ‘पॉश’ लावून बोलत. तिथून लंडनच्या चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे नाणे, मग पैसा, मग पैसा मिरवणारा. कोशकार लीलंड स्वतः रोमानीचा अभ्यासक होता आणि त्याने हीच वाट दाखवली आहे. पैशापासून आजच्या ‘उंची’ या अर्थापर्यंतच्या शेवटच्या पायरीवर सगळे कोशकार अजून शिक्कामोर्तब करत नाहीत. तरीही इथे प्रत्येक पायरीला छापील आधार आहे. बोटीच्या कथेला एकही नाही.

आता गंमतच हवी असेल तर ती इथे आहे. रोमानी ही भारतीय आर्यभाषांच्या कुळातली भाषा. ती बोलणाऱ्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारत सोडून पश्चिमेकडे निघाले. त्यांच्या या ‘अर्ध्या’च्या मुळाशी संस्कृतातला ‘पार्श्व’, म्हणजे बाजू, आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याच ‘पार्श्व’पासून मराठीत ‘पाशी’ आला: घरापाशी, दारापाशी. म्हणजे ‘पॉश’चे भारताशी नाते जोडायचेच असेल तर ते मुंबईच्या धक्क्यावर उतरणाऱ्या साहेबामार्फत नव्हे, जे लोक पायी गेले आणि ज्यांना इंग्लंडमध्ये नुसते राहण्याबद्दल देहदंड देणारा कायदा १५५४ मध्ये झाला, त्यांच्यामार्फत. अशांची नाण्याची बोली उचलून तिला पहिल्या वर्गाचे तिकीट चिकटवायचे, याला मी निरुपद्रवी गंमत म्हणायला तयार नाही.

हा योगायोग एकदाच घडला असता तर सोडून दिला असता. पण इंग्लंडमध्ये अगदी खालच्या थरातल्या तरुणांना तुच्छतेने ‘चॅव’ म्हणतात. या शब्दाचे मूळही बहुतेक अभ्यासक रोमानीतच शोधतात: ‘चावो’, म्हणजे मुलगा. आपला ‘छावा’ त्याचा सख्खा नातलग. आणि या शब्दालाही लोकांनी आद्याक्षरांचीच खोटी कथा जोडली: सरकारी घरात राहणारा आणि हिंसक, अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची. वरच्यांसाठी बोटीची केबिन, खालच्यांसाठी सरकारी चाळ. ज्यांचा शब्द आहे ते दोन्हीकडून गायब.

‘स्नॉब’ची कथाही याच जातीची. विद्यापीठांच्या नोंदवह्यांत बिगर-उमराव विद्यार्थ्यांच्या नावापुढे ‘कुलहीन’ अशा अर्थाची लॅटिन संज्ञा संक्षेपाने लिहीत, त्यातून स्नॉब झाला, असे सांगतात. अशा नोंदी सापडलेल्या नाहीत. सापडतो तो चांभार. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्नॉब म्हणजे जोडे शिवणारा किंवा त्याचा हाताखालचा पोऱ्या. पुढे केंब्रिजचे विद्यार्थी गावकऱ्यांना स्नॉब म्हणू लागले. मग थॅकरेने १८४६-४७ मध्ये ‘पंच’मधून लेखमाला लिहून, आणि १८४८ मध्ये तिचे पुस्तक करून, हा शब्द मोठ्यांच्या पायांशी घोटाळणाऱ्यांवर उलटवला. थॅकरे जन्मला कलकत्त्यात, कंपनी सरकारच्या नोकराच्या घरी. वरच्यांची नक्कल कशी चालते हे त्याला कुणी शिकवायची गरज नसावी.

माझे म्हणणे एवढेच आहे: वरच्या वर्गाची ही नावे खाली घडली आहेत, आणि ती घडवणाऱ्यांनी त्या वर्गाला जवळून पाहिले होते. ‘टॉफ’ पाहा. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये सरदारपुत्रांच्या टोपीला सोनेरी गोंडा असे. गोंड्याला इंग्रजीत टफ्ट म्हणतात. गोंडेवाल्यांच्या मागेपुढे करणाऱ्या लाचारांना अठराव्या शतकातच ‘गोंड्याचे शिकारी’ अशा अर्थाचे नाव पडले होते. हा टफ्ट लंडनच्या फेरीवाल्यांच्या तोंडी जाऊन टॉफ झाला असावा. हेन्री मेह्यूने १८५१ मध्ये लंडनच्या गोरगरिबांवर जो प्रचंड ग्रंथ काढला, त्यात तो त्यांच्याच बोलण्यात आलेला आहे. फेरीवाल्याला वंशावळ वाचता येत नव्हती. गोंडा, हॅट आणि खिशातले नाणे मात्र दहा पावलांवरून वाचता येई. गिऱ्हाईक हेरण्याची ती विद्या होती. म्हणूनच या शब्दांत रक्ताचा, कुळाचा उल्लेख कुठे नाही. आहे तो फक्त बाहेरून दिसणाऱ्या थाटाचा.

वरून खाली आलेले नावही एक आहे, आणि त्याची चव वेगळी लागते. कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानातून गबर होऊन परतणाऱ्यांना खानदानी इंग्रज ‘नेबॉब’ म्हणत. हा आपला नवाब, पोर्तुगीजांमार्फत गेलेला. सॅम्युएल फूटने १७७२ मध्ये याच नावाचे नाटक आणले. तिथे चेष्टा नुसत्या थाटाची नाही. या माणसाने आमच्या शेजारी जमीन विकत घ्यायचे धाडस केलेच कसे, हा राग आहे. खालून आलेला शब्द नेम धरून पाहतो, वरून आलेला दार लावून घेतो.

मग स्वतः वरचा वर्ग काय म्हणतो? तो ‘पॉश’ म्हणत नाही. केट फॉक्सने २००४ मध्ये इंग्रजांच्या वागण्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात तिने हे नेमके टिपले आहे: खरे वरचे लोक ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि पॉश म्हटलेच तर थट्टेने. बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्वज्जड नियतकालिकात दाखवले होते की इंग्रज उच्चवर्ग आता पैशाने वा शिक्षणाने नव्हे, मुख्यतः बोलीने वेगळा ओळखू येतो. लॉर्ड रेडस्डेलची लेक नॅन्सी मिटफर्ड हिने पुढच्याच वर्षी तो सिद्धान्त ‘एन्काउंटर’ मासिकात चावडीवर आणला आणि मध्यमवर्गीय घरांत हाहाकार उडाला. कारण नाजूक, सजवलेले शब्द मध्यमवर्गाचे निघाले आणि रोखठोक शब्द उमरावांचे. शौचालयाला ‘टॉयलेट’ म्हणणारा पकडला गेला.

आता दुसरा पूर्वपक्ष, आणि हा जास्त गंभीर आहे. ‘चॅव’ म्हणणे असभ्य असेल तर ‘टॉफ’ म्हणणेही तितकेच असभ्य. दोन्ही वर्गद्वेषच, असे विलायतेतली बरीच शहाणी माणसे म्हणतात. तराजू सरळ दिसतो, पण त्याच्या पारड्यांत काय पडते ते पाहावे. चॅव म्हटल्याने पोराची नोकरी जाऊ शकते, दुकानाच्या दारात त्याला अडवले जाऊ शकते. टॉफ म्हटल्याने काय होते? डेव्हिड कॅमेरन आणि जॉर्ज ऑस्बोर्न यांना २०१२ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या खासदार नडीन डॉरिस यांनी दुधाचा भाव ठाऊक नसलेली पॉश पोरे म्हटले. ती पोरे तेव्हा पंतप्रधान आणि अर्थमंत्री होती, आणि पुढची निवडणूकही जिंकली. आत बसलेल्यांनीच असे नाव उचलले तेव्हा तर त्याचा धंदा झाला. ‘स्लोन रेंजर’ हे लंडनच्या वरच्या वर्गातल्या तरुणांचे टोपणनाव १९७५ मध्ये ‘हार्पर्स अँड क्वीन’ या उच्चभ्रू मासिकातून पसरले, आणि १९८२ मध्ये त्याची मार्गदर्शिका छापून धडाक्याने खपली.

मात्र या शब्दांच्या बाजूने बोलताना मी त्यांना शस्त्रही म्हणणार नाही. २००८ च्या मे महिन्यात क्रू अँड नॅन्टविच मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार एडवर्ड टिम्प्सन टॉफ आहेत हे ठसवायला मजूर पक्षाने उंच टोप्या आणि शेपटीचे कोट घातलेले कार्यकर्ते रस्त्यावर उतरवले. फेरीवाल्याचा शब्द पक्षकचेरीने भाड्याच्या कपड्यांत गुंडाळून बाजारात आणला तो हा असा. टिम्प्सन घराण्याचा पैसा आला होता बूटदुरुस्ती आणि किल्ल्या करून देण्याच्या दुकानांतून, म्हणजे अठराव्या शतकातल्या लंडनकराने त्यांना टॉफ नव्हे, स्नॉब म्हटले असते. मजूर पक्षाच्या उमेदवार टॅम्सिन डनवुडी या आधीच्या खासदारबाईंच्या कन्या. त्यांची आजी बॅरोनेस फिलिप्स म्हणून लॉर्ड्सच्या सभागृहात बसलेली. क्रूच्या मतदारांनी टिम्प्सन यांना ७,८६० मतांच्या आघाडीने निवडून दिले.