काटकसर कोणी करावी?

२०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथील हवामान परिषदेत भारताने ‘लाइफ’ या नावाने पर्यावरणानुकूल जीवनशैलीचा पुरस्कार केला. गरज नसता दिवा मालवावा, बाजारात कापडी पिशवी न्यावी, असा या विचाराचा व्यवहारातील आशय. काटकसरीतच ज्यांचा महिना सरतो, त्या शिक्षक-कारकुनांना यात नवे काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अनाठायी म्हणता येणार नाही.

तथापि लहान कृती म्हणजे निष्फळ कृती नव्हे. ६० वॅटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास वापरला, तर वर्षाकाठी सुमारे ९३ युनिट वीज वाचते. देशातील दोनतृतीयांशांहून अधिक वीज आजही कोळशापासून निर्माण होते आणि तशा एका युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बचतीचे मोल कळते.

परंतु हा दिवा घरोघरी पोहोचला तो केवळ उपदेशाने नव्हे. सरकारी खरेदीत २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा घाऊक मागणीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ‘उजाला’ योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. स्वस्त साधन हाती येताच सामान्य माणसाने ते आपणहून स्वीकारले.

हाच न्याय इतरत्रही लागू पडतो. बस वेळेवर येत नसेल, तर दुचाकी सोडण्याचा उपदेश व्यर्थ होय. नागरिकाने दिवा जरूर मालवावा. मात्र त्याला परवडणारा पर्याय पुरविण्याची जबाबदारी शासनाने झटकू नये.