सुईआधी संवाद हवा

दहावीचा निकाल लागला की राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली लातूर आणि नांदेडची वाट धरतात. डॉक्टर होण्याचे स्वप्न उराशी बाळगून निघालेल्या या मुलांच्या सामानात गुणपत्रिका असते, प्रवेशपरीक्षेची पुस्तके असतात, आईने बांधून दिलेला फराळाचा डबा असतो. बहुधा नसते ते लसीकरणाचे कार्ड!

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार धनुर्वात आणि घटसर्प यांपासून संरक्षण देणारी टीडी लस दहाव्या व सोळाव्या वर्षी घ्यावयाची असते. सोळावे वर्ष म्हणजे नेमके घर सुटण्याचे वर्ष. गावची शाळा मागे पडलेली, वसतिगृह अजून अनोळखी. आईला वाटते, तिकडे कोणी पाहील. वसतिगृहचालकाला वाटते, घरी झाले असेल. उद्या इतरांना लस टोचू पाहणारा विद्यार्थी स्वतः मात्र तिच्यावाचून राहतो.

तान्हे बाळ प्रश्न विचारीत नाही. सोळा वर्षांचा मुलगा विचारतो, ‘मी धडधाकट आहे, मग सुई कशाला?’ बालपणी मिळालेले संरक्षण वाढत्या वयाबरोबर क्षीण होते, म्हणून ही मात्रा, हे उत्तर देण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. ते न देता केवळ रांगेत उभे केले, तर शंका मनात राहते आणि अफवेला आयते घर मिळते.

न सांगता टोचण्याची किंमत देशाने मोजली आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरील लसीचा प्रकल्प २००९ मध्ये आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा येथे सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता चौकशी समितीने जवळजवळ नाकारली. परंतु अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांनी किंवा मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. दोष लसीचा नव्हता, गृहीत धरण्याच्या वृत्तीचा होता.

त्याच वेळी बार्शीसह देशातील नऊ केंद्रांवर चाललेल्या स्वतंत्र अभ्यासातील लसीकरणही थांबले. त्यात १७,७२९ मुलींनी लस घेतली होती. अनेकींना एकच मात्रा मिळाली. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की एक मात्राही दीर्घकाळ संरक्षण देते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एकमात्रा पद्धतीस मान्यता दिली.

लातूरचा शेजारी आणि १९८२ पर्यंत त्याचा मूळ जिल्हा असलेल्या उस्मानाबादने, म्हणजे आजच्या धाराशिवने, दुसरा धडा दिला आहे. सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांना सामावून घेणाऱ्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवून दिले, की एचपीव्हीच्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. ज्या विषयाचा उच्चारही घरात होत नाही, त्यासाठी मराठवाड्यातील शेतकरी स्त्रिया पुढे आल्या. मग त्यांच्या लेकींशी बोलण्यास संकोच का?

लातूरमध्ये १९६६ पासून सेवारत असलेले विवेकानंद रुग्णालय, दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, ‘लातूर पॅटर्न’ घडविणारी महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग यांनी मनावर घेतले, तर हे काम अवघड नाही. प्रवेश अर्जात लसीकरणाची नोंद मागावी. डॉक्टरांनी वर्गात येऊन प्रश्न ऐकून घ्यावेत. दंड दुखेल, किंचित ताप येईल, या वयात सुईच्या धास्तीने एखाद्याला भोवळही येते, म्हणून काही वेळ बसून राहावे, हे आधीच सांगावे. पालकांना त्यांच्या भाषेत पत्र जावे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याशी पुन्हा बोलावे.

एके काळी गावात ‘देवी टोचायला’ माणूस आला, की पोरे रानात पळत. आजची पिढी पळत नाही. ती कारण विचारते. ते सांगण्याचे सौजन्य वडीलधाऱ्यांनी दाखविले, तर तीच आपण होऊन बाही वर करील.