जिद्दीला जोड हवी

पहिल्या अल्ट्रा शर्यतीचा (मॅरेथॉनपेक्षा लांब धावण्याचा) विषय निघाला की जिद्दीचे गोडवे गायले जातात. या शर्यतींची रचना मात्र वेगळंच शिकवते. मॉन्ट ब्लाँ पर्वताच्या भोवतीची, 2003मध्ये सुरू झालेली यूटीएमबी ही शर्यत सुमारे 170 किलोमीटरची आहे आणि तिचा एकूण चढ जवळपास 10,000 मीटर. हेडलॅम्प आणि पावसाळी जाकीट सोबत बाळगणं तिथे सक्तीचं आहे, आणि दरवर्षी शेकडो कसलेले धावपटू अर्ध्यातून बाहेर पडतात. चढावर मुकाट चालणं, भूक लागण्याआधी खाणं, गरजेपेक्षा जास्त पाणी न पिणं (अति पाण्याने रक्तातलं सोडियम जीवघेणं उतरू शकतं) ही सगळी स्वतःला आवरण्याची कौशल्यं आहेत.

कुणी म्हणेल, इतकं जपून पावलं टाकली तर मर्यादा ओलांडायच्या कधी? आक्षेप रास्त आहे. वेदना सोसल्याशिवाय 100 किलोमीटर पार होत नाहीत. पण दमलेल्या पायांचं दुखणं सोसायचं असतं, शरीर गारठू लागल्याची खूण मानायची असते. मे 2021मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या 100 किलोमीटरच्या शर्यतीत हवामान अचानक फिरलं आणि 21 धावपटू दगावले. त्यांत नामांकितही होते. जिद्द त्यांच्यात कमी नव्हती. पण तिथे वारा अडवणारं जाकीट नियमाने सक्तीचं नव्हतं. नुसती जिद्द वाचवत नाही. म्हणून परीक्षा असो, व्यवसाय असो वा सह्याद्रीतली वाट, थांबण्याची अट निघण्यापूर्वी, डोकं शांत असतानाच ठरवावी. माघारीला पराभव मानणाऱ्या समाजाने या खेळाकडून घ्यावं ते हेच.