शेतकऱ्यानें स्कूटर कोणती घ्यावी?

दसरा-पाडवा जवळ आला म्हणजे तालुक्याच्या गांवीं गाड्यांच्या दुकानांपुढें मांडव पडतात, आणि आमच्यांतील पुष्कळ घरांत पेट्रोलची स्कूटर घेण्याचीं बोलणीं सुरू होतात. बैल घ्यावयाचा झाला तर जो शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, औतास जुंपून पाहतो, तोच ऐंशी-नव्वद हजारांची गाडी मात्र रंग पाहून व शेजाऱ्यानें घेतली म्हणून तासाभरांत घेऊन मोकळा होतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, स्कूटर दुकानांत पसंत करावयाची वस्तु नव्हे. शेताची वाट, नेण्याचें ओझें आणि चालविणारें माणूस, या तीन गोष्टी घरीं बसून आधीं ठरवाव्या व मग दुकानाची पायरी चढावी.

वडील मंडळींच्या मनांत स्कूटर म्हटलें कीं अजून जुनी चेतकच उभी राहते. इटलींत १९४६ सालीं व्हेस्पा निघाली; तिच्याच वळणाची चेतक बजाज कारखान्यानें १९७२ पासून पुण्यास काढली. तिचे गिअर हातांत असत, पेट्रोलांत ऑइल मिसळावें लागे, व पाठीस एक जादा चाक असे. त्या कारखान्यानें पेट्रोलच्या स्कूटरी काढणें २०१० च्या सुमारास बंद केलें. २०२० पासून चेतक हें नांव विजेवर चालणाऱ्या गाडीस आहे. आज मिळणारी पेट्रोलची नवी स्कूटर बिनगिअरचीच असते. तेव्हां चेतकनें जें काम दिलें तें सर्व हिच्याकडून होईल, असें धरून चालूं नये.

बिनगिअरच्या स्कूटरींत इंजिनाची शक्ति रबरी पट्ट्यानें मागील चाकाकडे जाते, आणि वेगाप्रमाणें पट्टा आपोआप सरकतो. क्लच दाबणें नाहीं, गिअर पाडणें नाहीं. लुगडें नेसलेल्या बाईसही ती सहज चालवितां येते. पायांपाशीं पेंडीची लहान पिशवी राहते. हा तिचा मोठा गुण होय. पण तिचीं चाकें १० किंवा १२ इंचांचीं. मोटारसायकलचीं १७-१८ इंचांचीं. लहान चाक खड्ड्यांत अधिक उतरतें. आषाढांत काळ्या जमिनीच्या पाणंदींतून जातांना चिखल चाक व पत्रा यांमध्यें घट्ट बसतो, चाक फिरेनासें होतें. आणि ओझ्यासह रेटीत नेल्यास क्लच तापून पट्टा लवकर झिजतो. घाट उतरतांनाही, गिअरच्या गाडीस जसा इंजिनाचा लगाम लागतो तसा हिला फारसा लागत नाहीं. सर्व भार ब्रेकांवर येतो. ज्यांचें शेत अशा पाणंदीपलीकडे आहे व वाट एकट्या पुरुषानेंच करावयाची आहे, त्यांनीं स्कूटरचा मोह सोडून साधी १०० सीसीची मोटारसायकल घ्यावी, हें आमचें स्पष्ट मत आहे.

दुधाचे कॅन, वैरणीचे भारे, भाजीच्या पाट्या हेंच ज्यांचें रोजचें ओझें, त्यांस मोपेड बरी. कित्येक गांवीं तिला अजून लूनाच म्हणतात. आजची मोपेड १०० सीसीची, १६ इंची चाकांची व वजनानें हलकी असते. चालकापुढील सपाट जागेवर पोतें आडवें बसतें. दिसण्यांत ती गरीब आहे, म्हणून तरुण तिला नाक मुरडतात. परंतु ओझें वाहणाऱ्या घरास तिच्या इतकी स्वस्त सोबत दुसरी नाहीं.

मग स्कूटर कोणीं घ्यावी? ज्यांच्या शेतापर्यंत डांबरी किंवा पक्का मुरुमाचा रस्ता आहे, आणि घरांतील स्त्रियाही जिच्यावर बसणार आहेत, त्यांनीं. येथें बहुतेक घरीं पेट्रोलचा आक्षेप निघतो. तो हिशेबानें पाहूं. रोज २० किलोमीटर, वर्षांत ३०० दिवस, म्हणजे ६,००० किलोमीटर झाले. स्कूटर लिटरास ४५ किलोमीटर गेली तर १३३ लिटर लागेल. मोटारसायकल ६० गेली तर १०० लिटर. फरक ३३ लिटरांचा, म्हणजे वर्षास साडेतीन हजार रुपयांच्या आंतबाहेर. आतां दुसरी बाजू पहा. दूध संकलन केंद्रावर पोंचविणें, पोरास दवाखान्यांत नेणें, बँकेंत जाणें, हीं कामें घरधनी शेतांतून येईपर्यंत अडून राहतात, कारण घरांतली गाडी एकट्यासच चालवितां येते. गोठ्याचें निम्मेंअधिक काम बाईनें करावें व दुधाच्या वाटेस मात्र तिनें दुसऱ्याची वाट पाहावी, ही स्थिति साडेतीन हजारांत पालटत असेल तर तो खर्च नव्हे.

निवड करतांना जी बसणार तिला दुकानांत न्यावें. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीस टेकले पाहिजेत. स्टँडवर चढवितांना गाडी तिला पेलली पाहिजे. पुढील चाक १२ इंची असलेली पसंत करावी. सपाट मुलखांत ११० सीसी पुरे. चढाचा रस्ता व नेहमीं दोघांची बैठक असेल तरच १२५ घ्यावी. २०२० नंतरच्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलें आहे. त्याची दुरुस्ती गांवच्या झाडाखालीं होत नाहीं. म्हणून ज्या गाडीचा जाणता मिस्त्री व सुटे भाग आपल्या बाजारगांवीं मिळतात, तीच घ्यावी.

कर्जाविषयीं चार शब्द. "फक्त १२ टक्के फ्लॅट" असें दुकानांत सांगतात. ८०,००० रुपयांवर तीन वर्षांचें व्याज २८,८०० होतें व हप्ता सुमारें ३,०२२ रुपये बसतो. मुद्दल दरमहा फिटत असतांही व्याज अखेरपर्यंत पूर्ण रकमेवरच धरल्यामुळें खरा दर एकवीस टक्क्यांच्या घरांत जातो. हप्ता महिन्यास येतो आणि उसाचें बिल वर्षास. ही गांठ बसत नाहीं. दर दहा दिवसांस दुधाचा पैसा हातीं येत असेल तरच हप्त्यानें घ्यावी, नाहीं तर पीक विकून रोखीनें.

शेवटीं, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं किल्ली देऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. हेल्मेट मागें बसणारासही लागतें. बिनगिअरचा परवाना स्वस्त व सोपा आहे. तो घरांतील बाईच्या नांवें आधीं काढावा, गाडी मागाहून आणावी. पाडव्याचा मुहूर्त चुकला तरी बिघडत नाहीं. निवड चुकली तर ती दहा वर्षें दारांत उभी राहते.